'रायट' आणि रयत : सुप्याच्या बाजारातील एक शब्दजोडी

इंग्रजीच्या व्याकरणपुस्तकांच्या शेवटी सहसा एक यादी असते. कानाला सारखे वाटणारे, पण अर्थाने दूर असलेले शब्द तीत जोडीजोडीने मांडलेले असतात. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल केव्हा आणि तत्त्व केव्हा, 'अफेक्ट' कुठे लिहावे आणि 'इफेक्ट' कुठे, 'डिसइंटरेस्टेड' व 'अनइंटरेस्टेड' यांत भेद कोणता, हे प्रश्न विद्यार्थी परीक्षेपुरते सोडवतो आणि विसरतो. या चुकांनी कोणाचे काही बिघडते असे त्याला वाटत नाही. गेलाच तर अर्धा गुण जातो. प्रस्तुत लेखात अशा यादीत सहसा न सापडणारी एक जोडी विचारार्थ घेतली आहे. ती पुणे जिल्ह्यातील सुपे या गावाच्या इतिहासात गुंतलेली आहे, आणि तिच्याकडे पाहिले की शब्दांची निवड ही केवळ शुद्धलेखनाची बाब राहत नाही.

जोडीतील पहिला शब्द 'रायट', म्हणजे दंगा. दुसरा शब्द आपल्याच 'रयत' या शब्दाचे कंपनी-अमदानीत रूढ झालेले इंग्रजी रूप. इंग्रजी उच्चारात दोन्ही शब्द एकसारखेच. लिहिताना फरक पडतो तो एका अक्षराचा : दंग्यात 'आय', तर रयतेत 'वाय'. कुळे मात्र सर्वस्वी भिन्न. 'रायट' जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा अर्थ भांडण, कज्जा असा होता. 'रयत' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी राखणीतल्या कळपाची कल्पना आहे, आणि तीवरून राजाच्या रक्षणाखालील प्रजा हा अर्थ सिद्ध झाला. राखणीतला कळप आणि कज्जा यांची अशी गाठ पडावी, हा भाषेतील निव्वळ योगायोग. इतिहासात मात्र ती गाठ १२ मे १८७५ रोजी सुप्यात पडली.

सुपे हे नाव मराठी वाचकाला शिवकाळापासून परिचित आहे. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही शहाजीराजांच्या जहागिरीतील नावे आपण शाळेत वाचलेली असतात. आज बारामती तालुक्यात असलेले हे गाव १८७५ साली भीमथडी तालुक्यात मोडत असे. ते बाजाराचे ठिकाण होते आणि व्यापारी व सावकार तेथे राहत. त्या बुधवारी बाजारासाठी भोवतालच्या गावांतून शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांनी मागणी केली ती वह्यांची आणि कर्जरोख्यांची. हाती आलेले कागद जाळण्यात आले; धान्याची दुकाने लुटली गेली; काही ठिकाणी घरांनाही आग लागली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यात गेले आणि दोन महिन्यांत तीसहून अधिक गावांत पसरले. जेथे सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले तेथे बहुधा पुढची मारझोड झाली नाही. ही एक बाब इतकी बोलकी आहे की पुढील सर्व शब्दचर्चा तिच्यावरच उभी राहते.

कागदावरच एवढा राग का? कारणे एका दिवसात साठलेली नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) येथील कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले आणि सावकाराने हात आखडता घेतला. त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमीनमोजणी संपून नवी आकारणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विन्गेट यांच्या ज्या मोजणीने रयतवारीला स्थिर रूप दिले ती १८३६ च्या सुमारास इंदापुरातच आरंभली होती. फेरआकारणीची झळही प्रथम याच भागाला लागली. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. व्याज अमर्याद साचू नये हा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले.

येथे व्याकरणपुस्तकातील 'प्रिन्सिपल' आठवावे. एका स्पेलिंगचा अर्थ मुद्दल, दुसऱ्याचा तत्त्व. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचे तत्त्व होते : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगवता येत असेल, तर तत्त्व पुस्तकात राहते आणि मुद्दल वहीत वाढते. अंगठा उठवणाऱ्याला आपण नेमका कशावर अंगठा उठवला हे वाचता येत नव्हते. गहाणखत समजून दिलेला कागद न्यायालयात खरेदीखत ठरे, आणि जमीन तोडल्यावरच दोन शब्दांतील भेद त्याला कळे. सुप्यातील आगीत जळाले ते असे शब्द होते.

सरकारने या घटनेला 'रायट' म्हटले आणि इतिहासात ती 'डेक्कन रायट्स' म्हणून नोंदली गेली. हा शब्द चुकीचा होता काय? कायद्याच्या भाषेत चुकीचा नव्हता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनुसार पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव आपला समान उद्देश साधण्यासाठी बळाचा वापर करतो तेव्हा दंग्याचा गुन्हा घडतो. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेतही व्याख्येचा गाभा हाच आहे. या व्याख्येतील 'समान उद्देश' हे शब्द लक्षपूर्वक वाचावेत. दंगेखोरांना उद्देश असतो, हे कायदा मान्य करतो. रोजच्या इंग्रजीत आणि मराठीतही मात्र 'दंगा' म्हटले की डोळ्यांपुढे दिशाहीन जमाव उभा राहतो, आणि कारण शोधण्याची गरज संपते. मुंबई सरकारचा प्रथम कलही असाच होता. १८५७ च्या आठवणीने अस्वस्थ झालेल्या हिंदुस्थान सरकारने आग्रह धरल्यावर चौकशी नेमली गेली. तिचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यात दोष मुख्यतः सावकारीवर आला. शेतसाऱ्याची मागणी हे कारण नव्हे, असा निष्कर्ष निघाला. सरकारने नेमलेल्या चौकशीने सरकारला निर्दोष ठरवावे, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

मग दुसरे शब्द घेऊन पाहू. 'म्यूटिनी' हा शब्द येथे चालणार नाही. तो शिपायांनी वा खलाशांनी आपल्या अधिकाऱ्यांविरुद्ध केलेल्या अवज्ञेसाठी राखलेला आहे. म्हणूनच १८५७ ला तो लावताना वाद झाला, कारण तेथे शिपायांखेरीज संस्थानिक आणि शेतकरीही होते. 'रिबेलियन' म्हणजे राज्यसत्ता उलथण्याच्या हेतूने उभारलेला सशस्त्र लढा. चार वर्षांनी, १८७९ साली, पुणे जिल्ह्यातच वासुदेव बळवंत फडके यांनी जे केले त्याला हा शब्द शोभतो. त्यांच्यावर आरोप आला तोही राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. सुप्याच्या रयतेने राणीविरुद्ध शस्त्र उचलले नव्हते. तिचा रोख सावकाराच्या वहीवर आणि त्या वहीला बळ देणाऱ्या दिवाणी हुकूमनाम्यावर होता. 'रिव्होल्ट' अधिक जवळचा. पण तो वापरताना कोणाविरुद्ध, हे वाक्यात सांगावेच लागते. मराठीतील 'उठाव' या शब्दात हेतू मान्य होतो आणि राज्य उलथण्याचा दावाही येत नाही. प्रस्तुत लेखकाला सुप्यासाठी तोच शब्द योग्य वाटतो.

इतिहासकारांचे मतभेदही शब्दांतूनच प्रकटले आहेत. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या आपल्या निबंधाच्या मथळ्यातच या दंग्यांना 'मिथ' हा शब्द जोडला आणि त्यांना दिल्या गेलेल्या महत्त्वाविषयी शंका घेतली. उलटपक्षी रणजित गुहा यांनी १९८३ साली शेतकऱ्यांच्या अशा कृतींसाठी 'इन्सर्जन्सी' ही संज्ञा योजली आणि सरकारी कागद ज्याला उद्रेक म्हणतात त्यात जाणीवपूर्वक कृती वाचता येते, असे प्रतिपादन केले. एकाने घटना लहान केली आणि दुसऱ्याने मोठी, असे म्हणून हा वाद मिटत नाही. कोणता शब्द कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे पाहावे लागते.

आणखी एक जोडी उरते. १८७९ साली पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी होणारी कैद बंद केली. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम केले. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वतःचा स्वार्थ नसलेला, निःपक्षपाती. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला आस्थाच नाही असा. कायद्यापूर्वीचे न्यायालय कागदाकडे पाही आणि माणसाविषयी अनास्था बाळगी. प्रतिवादी आला नाही की एकतर्फी हुकूमनामा होई. ही अनास्थाच निःपक्षपात म्हणून मिरवत होती. नव्या कायद्याची अपेक्षा अशी की न्यायाधीशाने स्वार्थापासून दूर राहावे, पण वादीप्रतिवादींत आस्था ठेवावी. व्याकरणपुस्तकात एका ओळीत सांगितलेला हा भेद कायद्यात उतरण्यासाठी सुप्याच्या बाजारात वह्या जळाव्या लागल्या.

या कायद्याने सावकारी संपली नाही. सावधगिरीने वागणारे सावकार कर्जच देईनासे झाले किंवा गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, अशा तक्रारी पुढेही होत राहिल्या. शब्द बदलून कायदा चुकवता येतो, हे त्यांनाही ठाऊक होते.

शिक्षकांनी वर्गात ही यादी शिकवताना 'रायट' आणि रयत ही जोडीही तीत घालावी. विद्यार्थ्याने 'डेक्कन रायट्स' लिहिताना 'आय'च्या जागी 'वाय' घातला, तर गुण कापायला हरकत नाही. पण त्या चुकीपाशी थोडे थांबावे. अनवधानाने का होईना, सरकारी मथळ्यात ज्यांना स्थान मिळाले नाही त्यांचे नाव त्याने लिहिलेले असते.