शेरलॉक होम्सचा जनक आणि त्याचे वाचक

१८९३ सालच्या डिसेंबरात लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकाचा अंक निघाला, आणि शेरलॉक होम्स स्वित्झर्लंडमधील रायशेनबाखच्या धबधब्यात नाहीसा झाल्याचे वाचून इंग्लंडातील वाचकवर्ग हादरला. पुष्कळांनी मासिक घेणे सोडले. तरुणांनी टोप्यांना काळ्या फिती बांधल्या, ही पुढे रूढ झालेली आख्यायिका मात्र जपूनच स्वीकारावी. तिला त्या काळचा भरवशाचा पुरावा सापडत नाही. एका बाईने लेखकाला पशू म्हणून संबोधिल्याचे खुद्द आर्थर कॉनन डॉयल यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे.

होम्सच्या मृत्यूचा बेत जुना होता. १८९१ च्या नोव्हेंबरातच डॉयल यांनी तो आईला पत्राने कळविला. तिने विरोध केला आणि होम्सला दोन वर्षांचे आयुष्य लाभले. पुढल्या बारा कथांना त्यांनी सहस्र पौंड मागितले. मासिकाने ते मुकाट्याने मान्य केले!

डॉयल यांचे मन दुसरीकडेच गुंतले होते. वॉल्टर स्कॉटच्या परंपरेतील ऐतिहासिक कादंबरी हीच त्यांना खरी साहित्यसेवा वाटे. चौदाव्या शतकातील इंग्रज धनुर्धरांवरील ‘द व्हाइट कंपनी’साठी त्यांनी त्या काळावरील ग्रंथ पालथे घातले. शेवटचे शब्द लिहून होताच त्यांनी हर्षभराने हातातील लेखणी भिरकावली; भिंतीवर शाईचा डाग उमटला. ती १८९१ मध्ये ‘कॉर्नहिल’मधून क्रमशः प्रसिद्ध होत होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ‘स्ट्रँड’मध्ये होम्सची पहिली लघुकथा आली. दैवाने एकाच वर्षी दोन दारे उघडली, पण गर्दी लोटली ती एकाच दारी.

ती कादंबरी पडली असे नव्हे; तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. वाचकांची तक्रार तिच्याविषयी नव्हतीच. होम्सच्या बदली ती घ्या, हे मात्र त्यांना मंजूर नव्हते, आणि यात त्यांना कृतघ्न म्हणणे अन्यायाचे होईल.

१९०१ मध्ये ‘बास्करव्हिल’च्या कथेतून होम्स पुन्हा दिसला, पण ती हकीकत त्याच्या मृत्यूपूर्वीची म्हणून मांडलेली होती. १९०३ मध्ये, अमेरिकन प्रकाशकाने भरघोस मोबदला देऊ केल्यावर, तो सरळ जिवंतच परतला.

तरीही डॉयल यांनी हट्ट सोडला नाही. १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघालेली ‘सर नायजेल’ ही त्यांना स्वतःची सर्वोत्तम कृती वाटे. तीही ‘स्ट्रँड’मध्येच क्रमशः छापली गेली होती. तिचे मोल समीक्षकांनी वा वाचकांनी ओळखले नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात बोलून दाखविली. होम्सची शेवटची कथा त्यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. १९३० मध्ये ते वारले.