ख्रिस्ती धर्माची ज्यू परंपरेपासून फारकत

ख्रिस्ती धर्माचा उगम ज्यू धर्मातून झाला. येशू ख्रिस्त, त्याचे बारा शिष्य आणि सेंट पॉल हे सर्व जन्माने ज्यू होते. आरंभीच्या पिढीत येशूचे अनुयायी ज्यू समाजातील एक पंथ म्हणूनच ओळखले जात. चौथ्या शतकाच्या अखेरीस मात्र दोन्ही धर्म परस्परांपासून स्पष्टपणे वेगळे झालेले दिसतात. ही फारकत कोणत्याही एका घटनेने किंवा एका आज्ञेने झाली नाही. धर्मतत्त्वांवरील वाद तिला कारणीभूत झाले. तथापि सामान्य श्रद्धावंताच्या जीवनात ती प्रत्यक्षात उतरली ती वार, उपवास आणि सण यांच्या वेगळेपणामुळे. विश्रांतीचा दिवस कोणता आणि वर्षाचा मुख्य सण कोणत्या गणनेने पाळावयाचा, हे प्रश्न या इतिहासात म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

आरंभीचा काळ : येशूच्या मृत्यूनंतर (इ. स. सु. ३०) जेरूसलेममधील त्याचे अनुयायी मंदिरात प्रार्थनेस जात, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन पाळीत आणि सुंता व आहारविषयक नियम मानीत. येशू हाच अपेक्षित मसीहा होय, ही त्यांची श्रद्धा त्यांना इतर ज्यूंपासून वेगळे करीत असे. सिरियातील अँटिऑक येथे ज्यूतर लोक या पंथात येऊ लागले, तेव्हा पहिला मोठा प्रश्न उभा राहिला. या लोकांनी सुंता करून मोझेसचे नियमशास्त्र स्वीकारले पाहिजे काय, या प्रश्नावर इ. स. सु. ४९ मध्ये जेरूसलेम येथे विचारविनिमय झाला. ज्यूतरांवर सुंतेची सक्ती करू नये. मात्र त्यांनी मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचे मांस व व्यभिचार वर्ज्य मानावा, असा निर्णय ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात दिला आहे. तरीही सहभोजनाचा प्रश्न सुटला नाही. ज्यूतरांच्या पंक्तीस बसण्याचे पीटरने टाळले, म्हणून पॉलने त्याला अँटिऑक येथे सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिव्यवहार हा समाजाच्या सीमारेषेचा प्रश्न असतो, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको.

सणवारांविषयी पॉलची भूमिका प्रसंगानुरूप बदललेली दिसते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दिवस, महिने व ऋतू पाळण्याबद्दल त्याने त्यांची कडक कानउघाडणी केली आहे. तर रोमकरांस लिहिताना विशिष्ट दिवस मानणाऱ्याने व न मानणाऱ्याने परस्परांना दोष देऊ नये, असा सलोख्याचा सल्ला दिला आहे. स्वतः पॉलने आपले ज्यूपण कधीही नाकारले नाही.

राजकीय घटनांचा परिणाम : इ. स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमन सत्तेविरुद्ध बंड केले. ७० मध्ये टायटसने जेरूसलेम घेऊन मंदिराचा विध्वंस केला. यज्ञ व पुरोहितवर्ग यांचा आधार नाहीसा झाल्यामुळे यव्ने येथे योहानान बेन झक्काई व इतर रब्बींनी धर्मग्रंथांचे अध्ययन, प्रार्थना आणि गृहजीवन यांच्या पायावर ज्यू धर्माची पुनर्घटना केली. ख्रिस्ती लोकांनी मंदिराच्या विध्वंसाकडे जुन्या व्यवस्थेचा शेवट म्हणून पाहिले. एकाच आपत्तीचा अर्थ दोन समाजांनी असा दोन प्रकारे लावला. पूर्वी जेरूसलेमच्या मंदिरासाठी दिला जाणारा वार्षिक कर व्हेस्पेझिअनने रोममधील ज्युपिटरच्या मंदिराकडे वळविला. त्यामुळे ज्यू कोणास म्हणावे, हा प्रश्न साम्राज्याच्या महसुली कारभारातही उपस्थित झाला.

१३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली दुसरे मोठे बंड झाले. बार कोखबाला काही ज्यू धर्मपंडितांनी मसीहा मानले. ख्रिस्ती लोकांना ते शक्य नव्हते. बंड मोडल्यावर सम्राट हेड्रिअनने जेरूसलेमच्या जागी ईलिया कॅपिटोलायना हे रोमन नगर वसविले आणि ज्यूंना तेथे येण्यास बंदी केली. इतिहासकार युसीबिअसच्या म्हणण्याप्रमाणे, तोपर्यंत जेरूसलेमचे बिशप ज्यू वंशाचे होते. यानंतर ते ज्यूतरांमधून होऊ लागले. अशा प्रकारे मूळ मंडळीचा ज्यू वारसा तिच्या जन्मस्थानीच खंडित झाला.

शब्बाथ व रविवार : येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, अशी ख्रिस्ती श्रद्धा असल्याने त्या दिवशी एकत्र जमण्याची प्रथा पहिल्या शतकातच पडली. प्रारंभी ती शब्बाथच्या जागी आलेली नव्हती. अनेक जण दोन्ही दिवस पाळीत. ‘डिडॅखे’ (सु. १००) या लहानशा ग्रंथात सोमवारी व गुरुवारी उपवास करणाऱ्यांचे अनुकरण न करता बुधवारी व शुक्रवारी उपवास करावा, असे सांगितले आहे. सोमवार व गुरुवार हे धार्मिक ज्यूंचे उपवासाचे वार होते. उपवास करावा की नाही, याविषयी येथे मतभेद नाही. वेगळा आहे तो वार. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अँटिऑकचा बिशप इग्नेशिअस याने शब्बाथ न पाळता प्रभूच्या दिवसानुसार जगण्याचा उपदेश केला. सु. १५५ मध्ये जस्टिन मार्टरने रोममधील रविवारच्या सभेचे वर्णन केले. ग्रंथवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांचे वाटप आणि गरजूंसाठी वर्गणी असा तिचा क्रम होता. त्यातील ग्रंथवाचन, प्रवचन व प्रार्थना हा भाग सिनॅगॉगमधील उपासनेशी मिळताजुळता आहे.

रविवार त्या काळी सुटीचा दिवस नव्हता. ७ मार्च ३२१ रोजी सम्राट कॉन्स्टंटीनने न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांना रविवारी काम बंद ठेवण्याचा आदेश दिला. शेतकऱ्यांना मात्र पेरणी व लागवडीचा हंगाम साधता यावा, म्हणून मोकळीक ठेवली. चौथ्या शतकातच लाओडिसीया येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी विश्रांती घेऊ नये, असा नियम केला. असा नियम करावा लागला, यावरून तशी विश्रांती घेणारे लोक होते हे उघड आहे. इथिओपियातील चर्चने तर शनिवार व रविवार या दोन्ही दिवसांचे पावित्र्य पुढेही मान्य केले.

वल्हांडण व ईस्टर : ईजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ ज्यू लोक पेसाह म्हणजे वल्हांडण सण साजरा करतात. ज्यू पंचांगातील महिने चांद्र असून ऋतूंशी मेळ राखण्यासाठी आपल्याकडील अधिक मासाप्रमाणे त्यात जादा महिना धरतात. नीसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, वल्हांडणाचा कोकरा मारला जाई. येशूचा मृत्यू याच सणाच्या वेळी झाला. त्यामुळे आशिया मायनरमधील ख्रिस्ती मंडळ्या कोणताही वार असला, तरी नीसान १४ लाच हा सण पाळीत. रोममध्ये तो त्यानंतरच्या रविवारी पाळीत. हा वाद तिथी मानावी की वार मानावा, असा होता. सु. १५५ मध्ये स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प व रोमचा बिशप ॲनिसीटस यांची या प्रश्नावर भेट झाली. त्यांचे एकमत झाले नाही. पण सलोखा टिकला. सु. १९० मध्ये रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचे पाऊल उचलले. इफेससचा पॉलिक्राटीझ याने पूर्वजांच्या प्रथेचा ठामपणे पुरस्कार केला आणि आयरीनिअसने व्हिक्टरला सबुरीचा सल्ला दिला.

रविवार मान्य करणाऱ्या मंडळ्यांतही प्रश्न उरला. सिरियाकडील मंडळ्या शेजारचे ज्यू वल्हांडण कधी पाळतात, हे पाहून त्यानंतरचा रविवार धरीत. ३२५ मध्ये नायसीया येथील परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा व त्यासाठी ज्यू गणनेवर अवलंबून राहू नये, असे ठरविले. ॲलेक्झांड्रियातील गणनेस या बाबतीत विशेष मान मिळाला. परिषदेनंतर कॉन्स्टंटीनने चर्चना धाडलेल्या पत्रात ज्यूंविषयी अत्यंत कठोर भाषा आढळते. मुख्य सणाचा दिवस विचारण्यासाठी ज्यू शेजाऱ्याकडे जाण्याचे कारण यापुढे उरले नाही. फारकतीचा हा निर्णायक टप्पा होय.

लोकव्यवहार : धर्माधिकाऱ्यांनी आखलेली रेषा सामान्य लोकांनी लगेच मानली असे नाही. ३८६–८७ मध्ये अँटिऑक येथे जॉन क्रिसोस्टमने दिलेल्या प्रवचनांवरून अनेक ख्रिस्ती लोक ज्यूंच्या नववर्षाचा शिंगनाद ऐकण्यास सिनॅगॉगमध्ये जात, त्यांच्याबरोबर उपवास करीत व मांडवांच्या सणात भाग घेत, असे दिसते. या प्रवचनांतील ज्यूंविरुद्धची जहाल भाषा पुढील शतकांत द्वेषाला खतपाणी घालणारी ठरली. येशूच्या मृत्यूचा दोष समग्र ज्यू समाजावर ठेवण्याची प्रवृत्ती सार्डीसच्या मेलिटोच्या दुसऱ्या शतकातील वल्हांडणविषयक प्रवचनातच दिसते. मध्ययुगीन यूरोपात पवित्र सप्ताहाचे दिवस ज्यूंना भयाचे वाटत, याची मुळे या काळात आहेत. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा सामूहिक दोषारोप अधिकृतपणे अमान्य केला.

दुसऱ्या बाजूने पाहता ही फारकत कधीच संपूर्ण झाली नाही. हिब्रू धर्मग्रंथ व त्यांतील देव त्याज्य मानणाऱ्या मार्शनला रोमच्या मंडळीने सु. १४४ मध्ये बहिष्कृत केले. त्यामुळे जुना करार, स्तोत्रे, सात दिवसांचा आठवडा आणि पन्नासाव्या दिवसाचा सण हे ज्यू धन ख्रिस्ती धर्मात कायम राहिले.

महाराष्ट्रातील संदर्भ : दिवसाचे पालन समाजाची ओळख कशी टिकविते, याचे उदाहरण कोकणातील बेने-इझ्राएल समाजात मिळते. परंपरेप्रमाणे या समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. हिब्रू भाषा व ग्रंथ विसरले गेले, तरी सुंता, आहाराचे काही नियम आणि शब्बाथ त्यांनी सोडला नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्यू सणांना त्यांनी नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण अशी मराठी नावे दिली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनॅगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजात शिक्षणकार्य केले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. बेने-इझ्राएलांनी हे शिक्षण घेतले, पण धर्मांतर फारच थोड्यांनी केले. समाज शनिवारलाच धरून राहिला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. १९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील बहुसंख्य लोक तेथे स्थायिक झाले.

मराठी बायबलमध्ये पेसाहसाठी ‘वल्हांडण’ हा शब्द रूढ झाला आहे. ओलांडून जाणे हा त्याचा अर्थ मूळ हिब्रू शब्दाच्या रूढ अर्थाशी जुळतो. येशूचे अखेरचे भोजन मराठी ख्रिस्ती वाचक याच शब्दाने ओळखतो. नायसीयाने दोन्ही सणांच्या गणना वेगळ्या केल्या. त्यांचे मूळ नाते मात्र या शब्दात शिल्लक आहे.