टीव्हीखालचे खोके

घरातल्या टीव्हीला जोडण्यासाठी कोणते उपकरण घ्यावे हा प्रश्न ‘फोर-के’ चित्रांच्या जमान्यात नव्याने उभा राहिल्यासारखा वाटत असला, तरी भारतीय घरांत तो चाळीस वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे, आणि जाहिराती त्याचे उत्तर नेहमी चित्राच्या स्पष्टतेच्या भाषेत, म्हणजे आधी रेषांच्या आणि पुढे पिक्सेलच्या संख्येत देत आल्या आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा मनीष मार्केटच्या गाळ्यांत हाच व्यवहार होई तेव्हा गिऱ्हाइकाला दिले जाणारे आश्वासन वेगळे असे: ‘सगळं चालतं.’ टीव्हीखालच्या खोक्याचा इतिहास या दोन शब्दांना धरून पाहिला, तर असे दिसते की कोणते खोके घरात टिकले हे चित्र किती स्वच्छ यावर फार थोडे ठरले. ते खोके काय आत घेते आणि काय नाकारते यावर बरेच अधिक ठरले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण आले. भारताने त्यासाठी ‘पाल’ ही पद्धत स्वीकारली होती, जिच्यात एक चित्र ६२५ आडव्या रेषांचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवली जातात. अमेरिका आणि जपान यांची ‘एनटीएससी’ पद्धत मात्र ५२५ रेषांची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची होती. व्हीसीआर, म्हणजे चुंबकीय फितीवर चित्र मुद्रित करून पुन्हा दाखवणारे यंत्र, याच सुमारास आखाती देशांतून आणि सिंगापूर-हाँगकाँगमधून प्रवाशांच्या सामानात, कधी जकात भरून तर कधी चुकवून, मुंबईत पोहोचू लागले. ‘पाल’वर बेतलेल्या साध्या यंत्रात अमेरिकेतल्या नातलगाने पाठवलेल्या लग्नाच्या कॅसेटचे चित्र नीट उमटत नसे आणि इकडून पाठवलेली नाटकाची कॅसेट तिकडे न्यू जर्सीत तशीच निरुपयोगी ठरे. दोन्ही पद्धती वाचणारे ‘मल्टिसिस्टीम’ यंत्र म्हणूनच अधिक किमतीला विकले जाई. ते चांगले का, याचे स्पष्टीकरण कुणी मागत नसे. त्यात ‘सगळं चालतं’ एवढे पुरे होते.

सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आले. बीटामॅक्सचे चित्र किंचित सरस असूनही ते हरले, ही कथा अनेकदा सांगितली जाते, पण त्यातला कळीचा मुद्दा फितीच्या लांबीचा होता: अमेरिकेत बीटामॅक्सची पहिली कॅसेट तासाभरातच संपे, तर व्हीएचएसची दोन तास चाले, आणि ‘पाल’ देशांत विकल्या जाणाऱ्या ‘ई-१८०’ नावाच्या व्हीएचएस कॅसेटवर तीन तास, म्हणजे मध्यंतर वगळून आख्खा हिंदी चित्रपट, एका दमात बसत असे. व्हीएचएसच्या चित्रात आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावतो. दूरदर्शनचे थेट प्रक्षेपण याहून स्वच्छ दिसे. तरीही लोकांनी रात्रभराच्या भाड्याने रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणल्या, चाळीच्या चौकात आणि गणेशोत्सवाच्या मंडपात ते खोके लावले, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रासमोर पहाटेपर्यंत बसून राहिले.

या यंत्राशी घराचा जो शारीरिक संबंध होता तो पुढच्या कोणत्याही खोक्याशी आला नाही. यंत्राच्या पोटात तिरका बसवलेला, चकचकीत धातूचा एक नळकांड्यासारखा भाग मिनिटाला १५०० फेरे घेत फिरे आणि त्याच्या कडेवर बसवलेली नखाहून लहान ‘हेडे’ फितीवरचे तिरपे चुंबकीय पट्टे वाचत. भाड्याच्या कॅसेटीची भुकटी त्या हेडांवर साचली की पडद्यावर आधी बर्फ पडल्यासारखे ठिपके येत, मग चित्र नाहीसे होऊन नुसता आवाज उरे. दुरुस्तीवाला झाकण उघडून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चामड्याच्या मऊ तुकड्याने हेड आडवेच पुसे, कारण उभे पुसले तर ते तुटण्याची भीती असे. कोकणातल्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरे आणि तशी एक कॅसेट सगळे यंत्र घाण करी. ज्यांना मुद्रण करायचे नव्हते त्यांच्यासाठी व्हीसीपी, म्हणजे केवळ कॅसेट दाखवणारे स्वस्त यंत्र, असे. मुद्रणासाठी जन्मलेल्या उपकरणातून मुद्रणाची सोयच काढून टाकून ते लोकप्रिय व्हावे, यावरून इथल्या घरांना टीव्हीचा कार्यक्रम साठवायचा नव्हता, बाहेरून चित्रपट आणायचा होता, हे उघड होते. औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनसारख्या देशी कंपन्या पुढे या बाजारात उतरल्या. दरम्यान १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिल्मही त्याच्या कक्षेत आली आणि चोरट्या प्रतींसाठी शिक्षा वाढली, पण त्या कायद्याचा धाक दुकानदाराला होता. यंत्राला तो ठाऊक नव्हता. चोरटी आणि अधिकृत कॅसेट यांत व्हीसीआर काडीमात्र भेद करत नसे.

यंत्राने भेद करायला सुरुवात केली ती तबकडीच्या काळात. १९९३ च्या व्हीसीडीने तो केला नव्हता. ३५२ गुणिले २८८ पिक्सेलच्या, म्हणजे साधारण व्हीएचएसच्याच तोलाच्या चित्राची ही तबकडी ७४ मिनिटे चाले, चित्रपटाला दोन किंवा तीन लागत, आणि चीनमध्ये बनलेले कोणतेही स्वस्त यंत्र ती मुकाट्याने वाचे. मराठी नाटके घरोघरी पोहोचली ती मुख्यतः तिच्यावरून. डीव्हीडी मात्र १९९६ मध्ये आली ती ‘रीजन कोड’ घेऊन. चित्रपट कंपन्यांनी भूप्रदेशांचे सहा विभाग पाडले आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रात चालू नये अशी व्यवस्था केली. अमेरिका पहिल्या विभागात, युरोप, जपान आणि आखाती देश दुसऱ्यात, तर भारत रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागासह पाचव्यात पडला. दुबईहून आणलेली तबकडी नियमाने दादरला चालणे अपेक्षित नव्हते. बाजाराने यावर उपाय लगेच शोधला. अनेक यंत्रांमध्ये कप्पा उघडा ठेवून रिमोटवरचे ठरावीक आकडे दाबले की एक गुप्त यादी उघडे आणि तिथे विभागाचा आकडा शून्य केला की कुलूप निघे; हे आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दुकानदार यंत्राबरोबर देत. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा अधिकृत प्रत चोरट्या प्रतीच्या भावात आली, आणि पेन ड्राइव्हचे छिद्र असलेल्या डीव्हीडी यंत्रांनी तबकडीचीही गरज संपवत आणली. ‘सगळं चालतं’ हे आश्वासन जर कधी शब्दशः खरे असेल, तर ते या चार-पाच वर्षांत.

केबलच्या बाबतीत सक्ती सरकारकडून आली. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबई आणि दिल्लीतील केबलवरील जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणाची अखेरची मुदत होती. तिच्यानंतर एका वायरला फाटे फोडून तीन खोल्यांतले तीन टीव्ही चालवणे संपले आणि प्रत्येक संचाला स्वतःचा सेट-टॉप बॉक्स, म्हणजे सांकेतिक रूपातले चित्र उलगडणारे खोके, अनिवार्य झाले.

इंटरनेटवरून येणारे चित्र उतरवून न घेता येता येताच पाहणे, यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. त्यासाठीच्या खोक्याचा जन्म अमेरिकेतला. डीव्हीडी टपालाने पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले आणि स्वतःचे एक उपकरणही तयार करत आणले होते. पण इतर यंत्रनिर्मात्यांशी स्पर्धा नको म्हणून ते काम बाहेर काढून रोकू या कंपनीकडे दिले गेले, आणि मे २००८ मध्ये ते खोके ९९ डॉलरला बाजारात आले. त्याच्या वर्षभर आधीच्या पहिल्या ॲपल टीव्हीत ४० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती, तर २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत ती नव्हती. वस्तू घरात ठेवण्याची कल्पनाच तिथे सोडून दिली गेली.

अतिस्पष्ट चित्राने निवडीचा हा प्रश्न पुरता तांत्रिक केला. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला २४ चित्रे आणि प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले, तर सेकंदाला जवळपास ४७८ कोटी बिट होतात, आणि घरातल्या जोडणीवरून ते दीड कोटींच्या आसपास आणावे लागतात, म्हणजे तीनशेपट दाबावे लागतात. हे दाबण्या-उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. २०१३ च्या ‘एचईव्हीसी’ने आधीच्या ‘एच.२६४’च्या मानाने निम्म्या बिटांत तेवढेच चित्र देणे शक्य केले, पण ते उलगडणारे मंडल चिपमध्ये मुळातच असावे लागते. २०१७ चा ॲपल टीव्ही फोर-के एचईव्हीसी उलगडत असे. यूट्यूब मात्र आपली फोर-के चित्रे ‘व्हीपी९’ या दुसऱ्या कोडेकमध्ये देई, त्यामुळे नावातच फोर-के असलेल्या या खोक्यावर २०२० पर्यंत यूट्यूबचे फोर-के चित्र दिसत नव्हते. याखेरीज तारेवर ‘एचडीसीपी’चा पहारा असतो: खोके आणि टीव्ही परस्परांची ओळख पटवतात, आणि मधला एखादा जुना ॲम्प्लिफायर ‘२.२’ ही आवृत्ती जाणत नसेल, तर चित्र खालच्या दर्जावर उतरते किंवा येतच नाही. तिसरे कुलूप ‘वाइडव्हाइन’चे. त्याच्या ‘एल१’ पातळीत चित्राचे कुलूप चिपच्या बंदिस्त भागात उघडते, ‘एल३’मध्ये ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि बहुतेक अधिकृत सेवा दुसऱ्या प्रकारच्या खोक्याला साधे, डीव्हीडीच्या तोडीचेच चित्र देतात. वेष्टनावर ठळक ‘फोर-के’ छापलेल्या स्वस्त अँड्रॉइड डब्यावर चित्रपट धूसर का दिसतो, याचे कारण पुष्कळदा डब्याच्या ताकदीत नसते. त्याच्याकडे परवाना नसतो.

भारतात गूगलची क्रोमकास्ट डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना आणि ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आली. मधल्या काळात जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओचे स्वस्त डेटा-दर आले होते. टीव्हीला खोचायच्या या दोन कांड्यांची तुलना तेव्हा वेगाच्या आणि स्पष्टतेच्या अंगाने होत असे, पण खरी अडचण दुसरीकडे होती. ॲमेझॉनने २०१५ मध्येच क्रोमकास्ट आणि ॲपल टीव्ही आपल्या दुकानात विकणे बंद केले होते, क्रोमकास्टवर प्राइम व्हिडिओ नव्हता, आणि गूगलने २०१७ च्या अखेरीस फायर टीव्हीवरून यूट्यूबचे ॲप काढून घेतले. समेट जुलै २०१९ मध्ये अमलात आला. म्हणजे २०१८ साली पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या घराने कोणतीही कांडी घेतली, तरी दुसऱ्या मालकाच्या दारात ती अडणारच होती, आणि अडथळा रिमोटचे आकडे दाबून दूर होण्यातला नव्हता.

‘सगळं चालतं’ ही जुनी वृत्ती अगदीच मेली नाही. एक्सबॉक्स या खेळांच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी बनवलेला ‘एक्सबीएमसी’ हा प्रोग्रॅम २०१४ पासून ‘कोडी’ या नावाने ओळखला जातो. स्वतःच्या हार्ड डिस्कवरचे काहीही, कोणत्याही कोडेकचे, तो बिनतक्रार दाखवतो, आणि तो चालवणाऱ्या छोट्या संगणकांचे शौकीन आजही आढळतात. मात्र भाड्याने घेतलेल्या अधिकृत चित्रांपुढे त्याची मात्रा फारशी चालत नाही.

९ मार्च २०२५ च्या सुमारास जगभरातल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टने, जी २०१५ साली बाजारात आली होती, एकाएकी चित्र दाखवणे बंद केले. आतला एकही भाग बिघडला नव्हता. यंत्र अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या साखळीतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती इंटरनेटवरूनच पाठवली आणि तोवर कुणीही यंत्र मूळ स्थितीला नेऊ नये असे कळवले, पण बिघडलेले यंत्र आधी बंद करून पाहावे आणि मग ‘रीसेट’ मारावे या सवयीने अनेकांनी ते तोवर करून टाकले होते, आणि त्यांच्या वाट्याला आणखी काही दिवसांचे थांबणे आले.