डोळा काय सोडून देतो

जिनिंग-प्रेसच्या कामगारांत हयात गेलेल्या आम्हांस चित्रविद्येवर बोलायला उभे केले, याचे सेलूकरांस नवल वाटेल. पण हजेरीवहीतला आकडा दाखवून ज्याला मजुरी मागावी लागते, त्याचा या विषयाशी संबंध येतोच.

जुन्या मासिकातले छायाचित्र भिंगाखाली धरा. करडा रंग तेथे नाहीच. आहेत ते लहानमोठे काळे ठिपके. अंशाच्या सुमारे साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन ठिपके डोळ्यास वेगळे दिसत नाहीत. ते मिसळून करडी छटा होते. हाफटोन ब्लॉकचा सारा धंदा डोळ्याच्या या उणिवेवर चालला. चित्रपटाचे दादासाहेब फाळके मूळचे याच धंद्यातले. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, लोणावळ्यास छापखाना काढला. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तोही डोळ्याच्या दुसऱ्या उणिवेवर: झपाट्याने सरकणारी स्थिर चित्रे त्यास हलती वाटतात.

त्यापुढचे पाऊल बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत आपल्या कल्पनेसाठी अनुदान मागितले, ते मिळाले नाही. (अर्ज फेटाळला जाण्याचे दुःख आम्ही जाणतो!) तरी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते गणित प्रसिद्ध केले. १९९२ चे ‘जेपेग’ त्यावरच उभे आहे. चित्राचे चौसष्ट-चौसष्ट बिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येकात उजेडाचे ठळक चढउतार किती, बारीक किती, हे मोजायचे. बारीक ते डोळ्यास फारसे कळत नाहीत, म्हणून ढोबळ करून बरेचसे शून्यावर आणायचे. रंगाचा बारकावा डोळा त्याहून कमी टिपतो, म्हणून तो बहुधा आणखी छाटतात. टाकलेले पुन्हा मिळत नाही.

लग्नाच्या फोटोत याने कुणाचे बिघडत नाही. आकड्यांचे तसे नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर घराचा नकाशा काढला. तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी, पण प्रतीत तिन्हींवर १४.१३! तेथील युक्ती निराळी होती: जागा वाचवायला सारखी दिसणारी चिन्हे एकच धरायची. अंधुक अक्षराचा संशय तरी येतो. हा आकडा स्वच्छ होता आणि चूक होता.

आमच्या एका दाव्यात चार फोनांतून फिरून आलेला हजेरीपटाचा फोटो जोडला होता. एका कामगाराचे दिवस ११ की १९, ठरेना. मूळ वही मागितली. ती पावसात भिजून गेली, असे उत्तर आले. आठ दिवसांची मजुरी गेली ती गेलीच.