उद्घोषणेत न आलेली नावं

भनपुरीहून बोलतोय. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रोडवरचा हा कारखान्यांचा भाग. दिवसभर ट्रक आणि त्यांचे हॉर्न. त्यामुळे माझा रेडिओ कार्यक्रम मला रात्री अकरानंतरच रेकॉर्ड करता येतो. एका छोट्या इंटरनेट रेडिओवर दर शनिवारी अर्धा तास मी फक्त हिंदी-मराठी सिनेमातला वाद्यमेळ ऐकवतो. टायटल म्युझिक, मुखडा आणि अंतरा यांच्यामधले तुकडे, एनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनवर वाजलेली गाणी, व्हॅन शिप्ले यांची गिटार, प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’.

आजचा भाग या कार्यक्रमातल्या माझ्या एका चुकीपासून सुरू करतो, कारण त्या चुकीला कित्येक दशकांचा इतिहास आहे.

दोन वर्षांपूर्वी शंकर-जयकिशन यांच्या एका गाण्याचं मधलं म्युझिक मी लावलं. वीस-बावीस सेकंदांचा व्हायोलिनचा तुकडा. आधी सवयीने बोललो: चित्रपट अमुक, वर्ष तमुक, संगीत शंकर-जयकिशन. चार दिवसांनी गोव्याहून एका गृहस्थांचा फोन आला. वय सत्तरीच्या पुढे, मराठी कोकणी वळणाचं. म्हणाले, “तुम्ही सगळं सांगितलंत. वाजवलं कोणी, ते तेवढं नाही सांगितलं. माझे वडील त्यात होते.”

मला उत्तर सुचेना. ज्या कार्यक्रमात फक्त वाजवणाराच ऐकू येतो, त्यात मी वाजवणाऱ्याचं नाव घेत नव्हतो! आणि मला ते खटकलंही नव्हतं. का खटकलं नव्हतं? कारण आपण सगळे ज्या रेडिओवर वाढलो, त्याची उद्घोषणाच तशी होती.

रेडिओवर कोणाचं नाव घ्यायचं यावरून या देशात एकदा मोठं भांडण झालेलं आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कडवे पुरस्कर्ते. सिनेमाची गाणी त्यांना आकाशवाणीवर नकोशी होती. गाण्यांचा वेळ कापला गेला, गाणी चाळून घेतली जाऊ लागली. त्यात आणखी एक अट होती: गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते. निर्माते चिडले. त्यांनी गाणी वाजवायचा परवानाच काढून घेतला आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

मग ऐकणाऱ्यांनी काय केलं? काटा फिरवला. रेडिओ सिलोनकडे महायुद्धाच्या काळातले ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होते. कोलंबोचा आवाज थेट आपल्या छत्तीसगडातल्या घरांत येऊ लागला. ३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज बुधवारच्या रात्रीचा मालक झाला. साप्ताहिक कार्यक्रम म्हणजे काय, हे आपल्या लोकांना त्या बुधवारांनी शिकवलं. मराठी घरांत तीच सवय ‘गीतरामायणा’ने लावली: १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, पुणे केंद्रावरून, आठवड्याला एक नवं गीत. शेवटी सरकारही नमलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली.

आता गंमत बघा. भांडण नावाचं होतं. मंत्र्यांना चित्रपटाचं नाव नको होतं, निर्मात्यांना ते हवं होतं. गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं पुढे उद्घोषणेत पक्की झाली. पण व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव या भांडणात कोणी काढलंच नाही. तो कोणत्याच बाजूला नव्हता.

याहून मोठी गंमत आमच्या बाजूची आहे. रायपूरहून बिलासपूरकडे रेल्वेने निघालात की वाटेत भाटापारा लागतं. झुमरी तलैयाच्या जोडीने हे गाव फर्माइशींसाठी देशभर माहीत झालं. इथले श्रोते गठ्ठ्यांनी पत्रं पाठवायचे आणि निवेदक एकेका गाण्याआधी नावांची रांग वाचायचे. आजही छत्तीसगडातले जुने श्रोते २० ऑगस्टला श्रोता दिवस साजरा करतात. मला त्याचा अभिमान आहे. पण हिशेब करा. गाणं ऐकायची इच्छा पोस्टकार्डावर लिहिणाऱ्याचं नाव देशभर गेलं. ते गाणं वाजवणाऱ्याचं नाव स्टुडिओच्या दाराबाहेरही गेलं नाही.

हे वाजवणारे होते कोण? त्यातले पुष्कळ गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. मग अरेंजर बसून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा. व्हायोलिनं कुठे उठतील, चेलो कुठे धरून ठेवील, ट्रम्पेट कुठे तोंड घालील, सगळं त्या कागदावर. सुरुवातीच्या काळात सगळे एकदम वाजवायचे. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गाणं पास झालं की कागद निकामी, दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं.

शंकर-जयकिशन यांच्याकडे हे लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता, नंतर मुंबईत आले. आपण ज्याला ‘शंकर-जयकिशनचे व्हायोलिन’ म्हणतो, त्याच्या लिखावटीत त्यांचा हात होता. पडद्यावर मात्र त्यांचं नाव दत्ताराम यांच्याबरोबर ‘सहायक’ म्हणून यायचं. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र घ्या. त्यांच्याकडे आल्दोनाचे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो शाव्हियर वाझ. १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतातही. दिसतात, पण किती जणांना ओळखता येतात?

एकाचं नाव मात्र घराघरांत गेलं, तेही उलट्या वाटेने. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिनवादक, अरेंजर, प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र बसवायची त्यांची धडपड होती. पुढे ते अमेरिकेला गेले आणि सिनेसृष्टी त्यांना विसरली. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातल्या प्यारेलालनी गुरूचं नाव नायकाच्या तोंडी गाण्यात घातलं. सारा देश ते नाव गाऊ लागला आणि जवळजवळ कोणालाच माहीत नव्हतं की ते एका खऱ्या माणसाचं आहे. २०१२ मध्ये ते गेले.

तर त्या गोव्याच्या गृहस्थांकडे परत येतो. मी त्यांना विचारलं, वडील कोणत्या गाण्यात होते? त्यांनी त्याच तुकड्याचं नाव घेतलं. मी विचारलं, काही कागद? करार, पावती, फोटो? एक फोटो निघाला. स्टुडिओत ओळीने बसलेले व्हायोलिनवाले, मागे तारीख नाही, गाणं नाही. मी महिनाभर शोधलं. तबकडीच्या कव्हरवर काही नाही, टायटलमध्ये काही नाही. वडिलांनी मुलाला सांगितलं होतं, एवढाच पुरावा.

इथे माझी पंचाईत झाली. नाव घेतलं तर मी पुराव्याशिवाय इतिहास सांगतो. उद्या दुसऱ्या कोणाचा मुलगा म्हणेल, ते माझ्या वडिलांनी वाजवलं, आणि तोही खरा असेल. ओळीत पंधरा-वीस जण असायचे. नाव नाही घेतलं, तर मीही त्याच जुन्या उद्घोषणेचा माणूस.

शेवटी मी त्यांना फोन करून सांगितलं की या तुकड्यावर तुमच्या वडिलांचं नाव लावू शकत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग मी म्हटलं, पण उद्घोषणा बदलतो. त्या शनिवारपासून मी असं म्हणतो: चित्रपट, वर्ष, संगीतकार, ठाऊक असेल तर अरेंजर, आणि पुढे, “व्हायोलिन वाजवणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.” दर तुकड्याला म्हणतो. काही श्रोत्यांना कंटाळा येतो, त्यांनी तसं कळवलंही. येऊ दे.

गृहस्थ म्हणाले होते, “तेवढं तरी म्हणा.” आता ते दर शनिवारी ऐकतात. मधे एकदा त्यांनी कळवलं की ते वाक्य आलं की ते फोटोकडे बघतात.

मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा फोटो असेल, तर एक करा. घरातलं जाणतं माणूस आहे तोवर मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: कोण, कुठे, कोणतं गाणं, कोणतं साल. आठवत नसेल तर तेही लिहा. पुढचा निवेदक तुमचा आभारी राहील.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.