फिलिपिनो पद्धतीची साधी मासळी: कमी तेल, थोडा मसाला आणि हलालची खबरदारी

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात नाहीतर जहाजावर नोकरीला असतं. तिथे खोलीत, गॅलीत, कँटीनमध्ये सोबतीला हमखास फिलिपिनो माणसं असतात. आमचा भाचाही तसाच. गेल्या वर्षी सुट्टीवर धसईला आला तेव्हा म्हणाला, "आज जेवण मी करतो. मासे तेवढे आणून द्या." आम्ही हसलो. पण त्याच दिवसांत आमच्या अम्मीचा रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी तेल आणि मीठ कमी करायला सांगितलं होतं, आणि अम्मी "उकडलेलं रुग्णाचं खाणं मी खाणार नाही" म्हणून ताट मागे सारत होत्या. भाच्याने केलेला आंबट रस्सा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला. तेव्हापासून ही पद्धत आमच्या घरात रुळली. आमच्यासारख्या इतर घरांनाही तिचा उपयोग होईल म्हणून इथे लिहीत आहोत.

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा देश. भात आणि मासे हे तिथलं रोजचं जेवण. बहुसंख्य लोक ख्रिस्ती असले तरी दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू भागात शतकानुशतकं मुसलमान राहत आहेत. २०१९ मध्ये तिथे बांगसामोरो नावाचा स्वायत्त मुस्लिम प्रदेश अस्तित्वात आला. त्यांच्या स्वयंपाकातला एक प्रकार पुढे दिला आहे, तो आपल्या कोकणी वाटणाच्या फार जवळचा आहे.

आधी हलालचा प्रश्न

अम्मींनी पहिलाच सवाल केला होता, "बेटा, यात काही हराम तर नाही ना?" सवाल रास्त आहे. मासा हलाल असला तरी फिलिपिनो घरांत त्याच्यासोबत डुकराचं मांस किंवा चरबी सर्रास वापरतात. 'आदोबो' आणि 'सिनिगांग' ही नावं मुळात शिजवण्याच्या पद्धतीची. त्यात मासा, कोंबडी, डुक्कर काहीही असू शकतं. मुगाच्या आमटीवर किंवा भाज्यांवर जो कुरकुरीत चुरा टाकतात तो 'चिचारोन', म्हणजे बहुतेक वेळा डुकराची तळलेली कातडी. बाटलीतल्या कोळंबीच्या चटणीला 'बागोओंग' म्हणतात. ती परतून विकतात तेव्हा कधी कधी तिच्यात डुकराचे तुकडे असतात. म्हणून आखातातून कुणी पाकिटं, बाटल्या आणल्या तर त्यावरची यादी वाचल्याशिवाय भांड्यात ओतू नका. 'पातिस' म्हणजे मासे आणि मीठ आंबवून काढलेलं पाणी. त्यात हरकतीचं सहसा काही नसतं, पण मीठ भरपूर असतं. आम्ही ते आणतच नाही, साधं मीठ चालतं. बागोओंगच्या जागी जवळा कोरडा भाजून, चुरून घालतो. चवीत फारसा फरक पडत नाही, असं भाचाच म्हणतो.

सिरक्याबद्दल अनेकजण विचारतात. नबी करीम (स.) यांनी सिरका पसंत केल्याचं हदीसमध्ये आलं आहे, त्यामुळे सिरका म्हणून त्याला अडचण नाही. दारू आपोआप सिरका झाली तर ती पाक समजली जाते. पण बाहेरून काही घालून दारूचा सिरका केला असेल तर शाफई फिकहात तो चालत नाही. ताडीच्या सिरक्याबद्दल शंका असेल तर सरळ उसाचा सिरका घ्यावा.

आता कोळंबी, माकूल, खेकडे. आमच्या घरात दोन्ही मसलक आहेत. आमच्याकडची माणसं शाफई, तर घरातल्या सुनेचं माहेर हनफी. शाफई मतानुसार समुद्रात राहणारे जीव साधारणपणे हलाल आहेत, फक्त पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणाऱ्यांबद्दल, म्हणजे खेकड्यासारख्यांबद्दल, मतभेद आहेत. हनफी मतात पाण्यातला फक्त मासा हलाल. कोळंबीला मासा मानायचं की नाही यावर त्यांच्या उलमांत दोन मतं आहेत. माकूल, शिंपल्या मात्र त्यांच्याकडे चालत नाहीत. आम्ही यावर वाद घालत नाही. कोळंबी केली की एका छोट्या भांड्यात तोच रस्सा माशाचा करतो आणि पळी वेगळी ठेवतो. तुमच्या घरचा पेच तुमच्या मुफ्तीसाहेबांना विचारा.

मासा कुठला घ्यावा

धसई म्हटलं की लोकांना २०१६ सालचं 'कॅशलेस गाव' आठवतं. मासळीवाली बाई मात्र आमच्याकडून अजून रोखच घेते. तिच्या टोपलीत समुद्राची मासळी असते, पण इथवर येईपर्यंत ती बर्फात बरीच भटकलेली असते. म्हणून आम्ही धरणातल्या, तळ्यातल्या माशाकडे वळलो. रोहू, कटला आणि टिलापिया, म्हणजे आपली चिलापी. चिलापीला आपल्याकडे जरा खालचं समजतात. फिलिपिन्समध्ये हाच मासा तळ्यांत मोठ्या प्रमाणावर वाढवतात आणि गरीब-श्रीमंत सगळे खातात. पापलेट-सुरमईच्या मानाने तो खिशाला परवडतो.

डोळे फुगीर आणि चकचकीत असावेत, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर खड्डा राहू नये. गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो. तो घालवायचा तर पोटातली काळी पातळ त्वचा नखाने पूर्ण खरवडून काढा, मग मीठ आणि चिंचेचं पाणी चोळून दहा मिनिटं ठेवा आणि धुवा. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, ते आधी कात्रीने कापा.

सिनिगांग: आंबट रस्सा

भाच्याने केला तो हाच. चार-पाच माणसांसाठी पाऊण किलो मासा जाड तुकड्यांत कापा. दीड लिटर पाण्यात एक कांदा, दोन टोमॅटो आणि बोटभर आलं ठेचून टाका. पाणी उकळलं की मुळ्याच्या चकत्या घाला. सात-आठ मिनिटांनी वांग्याच्या फोडी आणि अख्ख्या भेंड्या. भाज्या शिजत आल्या की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ, दोन-तीन अख्ख्या हिरव्या मिरच्या आणि मासा. सहा-सात मिनिटं पुरे. शेवटी मूठभर पालेभाजी टाकून झाकण ठेवा आणि गॅस बंद करा. फिलिपिन्समध्ये यात नाळीची भाजी घालतात. आपल्याकडे ती ओढ्याकाठी मिळते, नाहीतर पालक चालतो. स्वच्छ पाण्यातलीच खुडा आणि नीट धुवा.

हळद नाही, तिखट नाही, फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही. पहिल्यांदा भांडं उघडलं तेव्हा सुनेने हळूच म्हटलं, "हे सालन आहे की पाणी?" भातावर घेऊन खाल्ल्यावर समजतं. आंबटपणासाठी तिकडे कच्ची चिंच, कैरी, बिलिंबी असं जे हंगामात असेल ते वापरतात. आपण आमसूल घातलं तरी जमतं, फक्त रंग काळसर येतो. मीठ कमी घालून आंबट जरा वाढवलं तर जिभेला अळणी लागत नाही. अम्मींच्या बाबतीत हीच युक्ती कामी आली. अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात हे करू नका. स्टील किंवा मातीचं भांडं घ्या.

पाक्सिव: सिरक्यातला मासा

आदोबो, एस्काबेचे ही नावं स्पॅनिश आहेत, कारण १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य तिथे होतं. सिरक्यात मासा शिजवायची रीत मात्र त्याआधीची, स्थानिक लोकांची. अर्धा किलो बांगडा किंवा चिलापी, अर्धी वाटी उसाचा सिरका, दीड वाटी पाणी, सहा-सात लसूण पाकळ्या, आल्याच्या चकत्या, दहा-बारा काळी मिरी, मीठ. हवं तर कारल्याच्या किंवा वांग्याच्या फोडी. सगळं एकत्र मंद आचेवर ठेवायचं. सिरक्याला उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, असं फिलिपिनो बायका सांगतात. ढवळलं तर कच्च्या सिरक्याचा उग्र वास राहतो, असा त्यांचा अनुभव. पंधरा मिनिटांत होतं. दुकानातला पांढरा सिरका जास्त झोंबतो, तो घेतला तर प्रमाण कमी करा.

हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. रमजानमध्ये रात्री करून ठेवला की सहरीला नुसता गरम करायचा.

एक इशारा. 'किनिलाव' म्हणून कच्चा मासा सिरक्यात मुरवून खायचा प्रकार व्हिडिओंत दिसतो. सिरक्याने मासा पांढरा दिसतो, पण त्यातले जंतू आणि कृमी मरतीलच असं नाही. गोड्या पाण्यातल्या माशाचा तर हा प्रयोग अजिबात करू नका.

नारळाचे दोन प्रकार

भोपळा आणि चवळीच्या शेंगा नारळाच्या दुधात शिजवून त्यात कोळंबी घालतात, त्याला 'गिनाताआन' म्हणतात. एका नारळाचं पहिलं दाट दूध बाजूला ठेवा. दुसऱ्या पातळ दुधात कांदा, लसूण, आलं आणि भाज्या शिजवा. कोळंबी शेवटच्या चार-पाच मिनिटांत घाला. दाट दूध सर्वांत शेवटी, आणि मग खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर फुटतं. चव गोडसर असते, मुलांना आवडते.

दुसरा प्रकार लानाओ सरोवराकाठच्या मारानाओ मुसलमानांचा, 'पियापारान'. त्यांच्याकडे 'पालापा' नावाचं वाटण घराघरांत असतं. एक प्रकारची कांद्याची पात, आलं, मिरची आणि भाजलेलं खोबरं. आपण पातीचा कांदा घ्यावा. दोन चमचे तेलात हे वाटण परता, हळद घाला, वाटीभर ओला किसलेला नारळ आणि थोडं पाणी घाला, मग माशाचे तुकडे त्यात दहा मिनिटं शिजवा. घट्टसर ठेवायचं. आमच्या आपा हे खाऊन म्हणाल्या, "हे तर आपलंच." हजारो मैलांवरच्या मुसलमान घरात तेच नारळ, हळद आणि आलं पाहून आम्हालाही गंमत वाटली.

पावसाळ्यात सुकी मासळी

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा आपल्या घरांत सुकट, बोंबील, जवळा निघतो. फिलिपिनो लोक सुका मासा मुगात घालतात. तिथे हा मूग शुक्रवारी खायची चाल आहे, कारण कॅथलिक लोक त्या दिवशी मांस टाळतात. आमच्याकडे जुम्याच्या दुपारी बिर्याणी, त्यांच्याकडे मूग!

वाटीभर मूग मऊ शिजवा. लसूण, कांदा, टोमॅटो चमचाभर तेलात परता. सुकट आधी कोरडी भाजून, दोन पाण्यांनी धुऊन त्यात घाला, मग मूग आणि पाणी. उतरवताना शेवग्याचा पाला घालायचा. मीठ शेवटी चाखून, कारण सुकटीत ते असतंच. रक्तदाबाच्या माणसाला सुकट बेताचीच द्या. आम्ही अम्मींची वाटी सुकट घालण्याआधी काढून ठेवतो, आणि त्या रोज विचारतात, "माझ्या वाटीत काय घालायचं विसरलात?"