संगणकाचा पहिला धडा कुणासाठी?



‘आमची मुलगी आर्ट्‌सची, तिला काँप्युटर कसा जमणार?’ असे आपण विचारता. याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६४ पूर्वी अमेरिकेतही संगणक म्हणजे तज्ज्ञांचे काम. कार्डांना भोके पाडून ती चालकाकडे द्यायची आणि उत्तराची तासन्‌तास वाट पाहायची. डार्टमथ कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी व थॉमस कर्ट्‌झ यांना हे पटेना. त्यांचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते. उद्या कारभार पाहणारे हेच. मग त्यांना संगणक का कळू नये?

म्हणून त्यांनी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता तिचे पहिले प्रोग्रॅम चालले. पहिल्या वर्षाच्या गणितातच हा अभ्यास बसवला. व्याख्याने थोडी, प्रोग्रॅम मात्र स्वतः लिहायचा. चूक झाली की यंत्र सांगे, विद्यार्थी सुधारून पुन्हा पाठवी.

मीही बी.ए.च आहे. म्हणून सांगतो, प्रवेश-अर्ज भरताना ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून पान उलटू नका. हा धडा मुळात आपल्यासारख्यांसाठीच तयार झाला होता.